आच एकाची, धूर दुसऱ्याचा

थंडी सुरू झाली की हैदराबादेत गच्च्यांवर शेगड्या चढतात. पाऊस संपलेला असतो, डिसेंबरच्या रात्री पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो आणि निखाऱ्यांजवळ बसणं सुखाचं वाटतं. अलीकडे या शेगड्यांच्या जोडीला विजेची ग्रिलं आली आहेत. काचीगुड्यातल्या जुन्या मराठी घरांपासून गच्चीबावलीच्या नव्या टॉवरांपर्यंत ओळखीतले लोक मला विचारतात, घरी धुरावरचं मटण करायचं तर कोळशाचं ग्रिल घ्यावं की विजेचं? फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून आज इथे लिहिते.

कोळसा म्हणजे धूर, असं बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. गोंधळ तिथूनच सुरू होतो. लाकूड हवा कोंडून जाळलं की त्यातलं पाणी, वायू, डांबर निघून जातं आणि मागे उरतो तो मुख्यतः कार्बन. लाकडाच्या धुराला ज्या द्रव्यांमुळे वास असतो ती कोळसा पाडतानाच भट्टीत उडून गेलेली असतात. चांगला फुललेला निखारा जवळजवळ बिनधुराचा असतो. मग कबाबाला तो वास कुठून येतो? मांसातली चरबी आणि मसाल्यातलं तेल निखाऱ्यावर टपकतं, चर्रकन जळतं आणि त्याचा धूर वर येऊन त्याच मांसाला बिलगतो. किंवा मग कोळशावर कुणीतरी मुद्दाम लाकडाचा तुकडा ठेवलेला असतो. लाकडातलं लिग्निन तापून फुटलं की ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्यं सुटतात. धुरकट चव मुख्यतः पहिल्याची, धुरकट वास दुसऱ्याचा.

म्हणून आच कुठून घ्यायची आणि धूर कुठून आणायचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दख्खनच्या स्वयंपाकघरानं ते फार पूर्वी वेगळे केले आहेत, आणि ग्रिलच्या दुकानात उभं राहून डोकं खाजवणाऱ्याला तिथेच उत्तर सापडेल असं मला मनापासून वाटतं.

आधी कोळशाचं जे आहे ते त्याला देऊन टाकू. टोलीचौकीत एका कबाबवाल्याच्या गाड्यापाशी मी बरेचदा रेंगाळते. लांबट लोखंडी शेगडी, वर जाळी नाही, दोन्ही कडांवर सळया टेकवलेल्या. कोळसा पेटवल्यावर तो घाई करत नाही. गिऱ्हाईक ताटकळलेलं असलं तरी नुसता पंखा हलवत राहतो. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "सफेद धुआँ है बाजी, अब्बी नक्को." तो दाट पांढरा धूर अर्धवट जळणाचा असतो, त्यानं मांस कडवट होतं. कोळशावर राखेचा पातळ थर चढून धूर विरला की मगच बोटी लागते. शेगडीत एका बाजूला निखाऱ्यांचा उंच ढीग आणि दुसऱ्या बाजूला विरळ थर. सळई आधी ढिगावर, मग रंग आला की विरळ बाजूला. मनगटाच्या एका हिसक्यात चार सळया एकदम उलटतात. चरबी पडून ज्वाळा उठली तर तो सळया उचलून धरतो, ज्वाळा बसू देतो. त्या ज्वाळेची काजळी मांसावर बसू द्यायची नसते, आणि ते तब्येतीच्या दृष्टीनंही योग्यच. चरबी जळताना बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं तयार होतात, ती या काजळीतूनच मांसावर येतात.

या कामात विजेची कांब कोळशाची बरोबरी करू शकत नाही. निखाऱ्यांचा सबंध थर तळपत असतो आणि मांसात व त्याच्यात मध्ये काही नसतं. बोटीला बाहेरून रंग चढतो तोवर आतला रस आतच असतो. साध्या घरगुती इलेक्ट्रिक ग्रिलवर तीच बोटी टाका. रंग यायला इतका वेळ लागतो की तोवर पाणी सुटून ती त्यातच शिजत बसते. तेव्हा सीख, बोटी, मुर्गीचे टिक्के हेच तुमचं मुख्य खाणं असेल आणि उघडी गच्ची हाताशी असेल, तर कोळशाची शेगडी घ्या, आणखी विचार करू नका.

पत्थर का गोश्त हाही याच घराण्यातला. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या शिकारीच्या मुक्कामात सळया नव्हत्या म्हणून दगड तापवून त्यावर मांस भाजलं, अशी गोष्ट इथे सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, दगडाची या शहराला वाण नाही. सुमारे २५० कोटी वर्षांच्या ग्रॅनाइटवर हैदराबाद बसलेलं आहे. जाड फरशी निखाऱ्यांवर तापवायची आणि पपई लावून मुरवलेले पातळ पसंदे त्यावर टाकायचे. फरशी कोरडी ठणठणीत हवी. ओल्या दगडात शिरलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटून चिपा उडतात.

पण लोक विचारतात ते धुरावर सावकाश शिजवण्याबद्दल, आणि तिथे पारडं फिरतं. हे काम १०५ ते १२० अंश सेल्सियसवर, तासन्तास चालतं. २०१९च्या पशुगणनेत मेंढ्यांच्या संख्येत तेलंगणा देशात पहिला होता, आणि इथल्या खाटकाकडे मेंढ्याचं, म्हणजे पोट्टेलूचं, चरबीदार मटण सहज मिळतं. त्यातला दस्त, म्हणजे पुढचा पाय खांद्यासकट, या कामाला सगळ्यात चांगला. रान, म्हणजे मागची मांडी, दिसायला देखणी असते, पण दस्तात कोलॅजन भरपूर असतं. ते ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होतं आणि मांस हाडावरून आपोआप सुटतं. याला वेळच द्यावा लागतो. पपई इथे लावू नका, इतक्या वेळात मांसाचा लगदा होईल. आदल्या रात्री मीठ, आलं-लसूण आणि घट्ट दही पुरे.

मधेच एक चमत्कारिक टप्पा येतो. मांस आतून ६५-७० अंशांवर पोचलं की काटा अडतो. तास दीड तास हलत नाही. घाम सुटल्यावर अंग गार पडतं तसंच इथे होतं. पृष्ठभागावरून पाणी उडत असतं आणि मिळालेली उष्णता त्यातच खर्च होते. कोळशावर असलेला माणूस इथे घाबरतो, हवेची झडप उघडतो, कोळसा वाढवतो आणि मांस वाळवतो. १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी समुद्रात तरंगणाऱ्या खुणेच्या लोखंडी गोळ्यापासून झाकणाचं गोल ग्रिल बनवलं, तेव्हापासून कोळशाची आच झडपांनी आवरणं पुष्कळ सोपं झालं. तरी दर तासाला उठून कोळसा घालणं आलंच. विजेच्या ग्रिलला थर्मोस्टॅट असला की हे काहीच करावं लागत नाही. ११० वर लावा, झाकण बंद करा, घरातली कामं करा.

खर्चाची भीतीही निराधार आहे. १५०० वॅटचं ग्रिल सहा तास अखंड चालू राहिलं तरी ९ युनिट होतात, आणि थर्मोस्टॅट मधूनमधून वीज तोडत असल्यानं प्रत्यक्षात त्याहून कमीच. एक किलो चांगल्या कोळशात साधारण ८ युनिटांइतकी ऊर्जा असते, पण तिच्यातली बरीचशी आकाशात जाते.

विजेच्या ग्रिलवर एक आक्षेप नेहमी येतो. कापल्यावर मांसाच्या कडेला जी गुलाबी पट्टी दिसते ती त्यात येत नाही. खरं आहे. जळणातून निघणारे नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या रंगद्रव्याला धरून ठेवतात म्हणून ती पट्टी उमटते, आणि विजेत काही जळतच नाही. पण त्या पट्टीला चव नसते. फोटोसाठी जेवणाऱ्यांनी तिची काळजी करावी.

आता धुराचं. हैदराबादी घरात कबाबाच्या किम्याला धुंगार देतात तो कच्च्या किम्याला, शिजवण्याआधी. यात मोठं शहाणपण आहे. धूर गार आणि ओलसर पृष्ठभागावर चांगला धरतो, तापून कोरड्या झालेल्या मांसावर तितका नाही. मुरवलेला दस्त एका मोठ्या पातेल्यात ठेवायचा, मधे स्टीलची वाटी, वाटीत लाल निखारा. निखाऱ्यावर दोन लवंगा आणि अर्धा चमचा साजूक तूप. धूर उसळला की लगेच घट्ट झाकण. पाच-सात मिनिटांत उघडायचं. त्याहून जास्त ठेवलं तर घशाला लागणारा कडवटपणा येतो. लवंग तिथे नुसती वासासाठी नसते. तिच्यातलं युजेनॉल हे ग्वायकॉलच्याच कुळातलं रसायन आहे. म्हणजे निखाऱ्यात लिग्निन उरलेलं नाही ही उणीव एक लवंग बऱ्याच अंशी भरून काढते. ज्या कुणा दख्खनी बाईनं हे पहिल्यांदा केलं असेल, तिला मी फार मानते.

बारकसमधल्या मंदीतही, म्हणजे अरबी मांस-भातातही, हेच. निजामाच्या फौजेत हद्रामौतहून आलेल्या अरबांची ही वस्ती. त्यांचेच भाईबंद चाऊस म्हणून नांदेड, परभणीकडे राहिले. १९५६पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होते, तेव्हा हे लोक आपल्याला परके नाहीत. मूळ मंदी जमिनीतल्या खोल भट्टीत होते. तळाशी निखारे, त्यावर भाताचं भांडं, वर मांस, तोंड लिंपून बंद. पण घरी ओव्हनवर मंदी करणारे लोक भाताच्या मधोमध निखाऱ्याची वाटी ठेवून झाकण लावतात. आच ओव्हनची, धूर त्या एका कोळशाचा. २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या हैदराबादी हलीमकडे पाहा. विटा-मातीच्या भट्टीत लाकूड जळतं ते मंद, न डगमगणाऱ्या आचेसाठी. आपल्या रायगडातल्या पोपटीतसुद्धा मडक्याचं तोंड भांबुर्डीच्या पाल्यानं बंद असतं आणि खाणाऱ्याला वास येतो तो पाल्याचा.

आणि आता ज्याबद्दल मी अजिबात तडजोड करत नाही ते. काचा सरकवून बंद होणाऱ्या बाल्कनीत कोळसा पेटवू नका. निखारा बिनधुराचा दिसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या थंडीत येतात, त्या याच वायूमुळे. धुंगाराचा तो एक कोळसाही खिडक्या उघड्या ठेवूनच फुलवा. शेगडीतली राख दुसऱ्या दिवशीपर्यंत आत धुमसत असते, ती प्लास्टिकच्या डब्यात टाकू नका. विजेचं ग्रिल १६ अँपिअरच्या प्लगवर थेट लावा, स्वस्त एक्स्टेन्शन वायर वितळते. शेजाऱ्यांचाही विचार हवा. आमच्या वरच्या मजल्यावर दम्याचं एक लहान मूल आहे. सहा तास धूर काढून त्याच्या खिडकीत सोडण्याइतकं कुठलंच मटण चविष्ट नसतं.

तेव्हा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी झाकणाचं, थर्मोस्टॅट असलेलं विजेचं ग्रिल घ्यावं. बिनझाकणाचं सपाट ग्रिल या कामाला निरुपयोगी, ते कितीही स्वस्त मिळालं तरी. सोबत मांसात खुपसायचा थर्मामीटर हवाच. दस्त आतून ९० अंशांपुढे गेला आणि हाड हलवल्यावर सैल लागलं की झालं. कोंबडी करणार असाल तर ती आतून ७४ अंश झाल्याशिवाय काढू नका. लाकडाचा धूर हवा असेल आणि ग्रिलला त्यासाठी वेगळी ताटली असेल तर पेरूच्या किंवा आंब्याच्या वाळक्या फांदीच्या ढलप्या टाका. कडुनिंब, निलगिरी, खोक्यांच्या फळ्या नकोत. बेगमबाजारातून एक लहान शेगडी आणि घट्ट झाकणाचं पातेलं आणा, धुंगाराचं काम त्यावर.

दस्त काढल्यावर वीस मिनिटं झाकून ठेवा, मग हातानंच सोडवा. ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा आणि चिंचेची पातळ चटणी याहून वेगळं काही लागत नाही. हाडं आणि उरलेले तुकडे दुसऱ्या दिवशी अंबाडीच्या भाजीत घाला. धुराला तो आंबटपणा फार मानवतो.