थांबलेली तबकडी

गेल्या महिन्यात लातूरचे एक जुने कार्यकर्ते एसटीने नांदेडला आमच्या घरी आले. पिशवीतून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली संगणकाची हार्डडिस्क काढली. म्हणाले, "भाऊ, वह्या वाळवीनं खाल्ल्या. आता नावं तेवढी हिच्यातच हायत."

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर काही गावांत फिरून आम्ही कुटुंबांच्या याद्या केल्या होत्या. कोण गेले, कोण उरले, हे त्यांत होते. पुढे त्या संगणकावर उतरवल्या आणि तो संगणक वीस वर्षे माळ्यावर पडून राहिला. आता वीज दिली तर डिस्क फिरेना.

असे का होते? डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि मजकूर वाचणारे टोक हवेच्या पातळ थरावर तरंगते. त्या काळच्या बहुतेक डिस्कमध्ये फिरणे थांबले की हे टोक तबकडीवरच टेकते. दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटाव्यात, तसे ते वर्षानुवर्षांच्या विश्रांतीत चिकटते. मग मोटारीचा जोर अपुरा पडतो.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्या मुलाने आधी वीज पोहोचते का ते तपासले. पिवळ्या तारेत १२ व्होल्ट, लाल तारेत ५ व्होल्ट. दोन्ही ठीक. कान लावून म्हणाला, "काका, मोटार गुणगुणतेय, पण अडकलीय." मग वीज काढून त्याने डिस्क आडवी धरली आणि अडलेले जाते हलवावे तशी मनगटाने झटकन फिरवली. दोनदा काही झाले नाही. तिसऱ्यांदा वीज दिल्यावर घरघर सुरू झाली. "आता बंद करायची नाही," तो म्हणाला आणि सगळ्या याद्या लगेच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या.

पडद्यावर आधी अगम्य चिन्हे दिसली. जुना मराठी फॉन्ट टाकल्यावर नावे उमटली. लातूरचे भाऊ आणि आम्ही, बराच वेळ कोणीच बोललो नाही.

बंधू-भगिनींनो, अशी डिस्क ठोकू नका. झाकण उघडू नका, धुळीचा एक कणही तबकडी खरवडतो. कोणी फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात, त्याने आत दव धरते. टकटक आवाज आला तर लगेच वीज बंद करा. वरच्या उपायातही टोक तुटण्याचा धोका आहेच. म्हणून मोलाची माहिती असेल तर आधी जाणकाराकडे जा.

आम्ही याद्या कागदावर छापल्या. एक प्रत लातूरला, एक नांदेडला ठेवली. हे काम वीस वर्षांपूर्वीच करायला हवे होते. हिशेब ठेवणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनाला ते सुचले नाही, ही चूक आमचीच. तुमच्याही माळ्यावर जुना संगणक असेल, तर या रविवारी उतरवून बघा.