पाणक्या

वाड्यात नळ येण्यापूर्वीच्या पिढीस पाणक्या कोण हे सांगावयास नको. पहाटे घागरी भरून तो निघून जाई आणि एखाद्या दिवशी आला नाही म्हणजेच घरास त्याची आठवण होई. दिदिए देशाँ यांस त्यांच्याच संघातील जुने सहकारी एरिक कॅन्टोना यांनी हीच पदवी देऊन हिणविले होते. आमच्या घरातील मुलांचा पक्ष अर्थातच कॅन्टोनांचा. त्यावर काकूंनी आतूनच विचारले, “त्याने पाणी भरले नसते, तर बाकीचे काय प्याले असते?” मुले निरुत्तर झाली, आम्हीही.

देशाँ यांचा जन्म 1968 साली फ्रान्समधील बायोन येथला. मधल्या फळीत त्यांचे काम एकच: प्रतिपक्षाच्या पायांतून चेंडू सोडवावयाचा आणि आपल्यातील अधिक कसबी गड्याकडे निमूटपणे पोचवावयाचा. तथापि 1993 साली मार्सेयने युरोपचा चषक जिंकून फ्रेंच क्लबांस तो मान प्रथमच मिळवून दिला, तेव्हा कर्णधार हेच होते. 1998 चा विश्वचषक आणि 2000 चा युरोपीय चषकही फ्रान्सने यांच्याच नेतृत्वाखाली मिळविला. 1998 च्या अंतिम सामन्यात झिदान यांनी दोन गोल केले. साहजिकच लोकांच्या ध्यानात झिदान राहिले.

2001 पासून ते प्रशिक्षक झाले. मोनाको, युव्हेंटस, मार्सेय असे क्लब सांभाळून 2012 साली ते राष्ट्रीय संघाकडे आले. 2016 साली पॅरिसजवळ, घरच्याच प्रेक्षकांसमोर, युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात पोर्तुगालकडून हार पत्करावी लागली.

खरी परीक्षा 2018 ची. जिरू हा आघाडीचा गडी सातही सामने खेळला, पण गोलच्या रोखाने त्याचा एकही फटका अचूक गेला नाही! आम्ही असतो तर त्यास केव्हाच बसविले असते. देशाँ यांनी तसे केले नाही. कारण तो बचावाच्या गड्यांस अंगावर घेई आणि तेवढ्यात एम्बाप्पेस धावावयास मोकळी जागा मिळे. उलट कान्ते हा तर साक्षात त्यांच्याच जातीचा पाणक्या. पण अंतिम सामन्यात त्याचे जमेना, तेव्हा 2-1 अशी आघाडी असतानाही त्यास पंचावन्नाव्या मिनिटास बाहेर बोलाविले. पुढे क्रोएशियाचा 4-2 असा पराभव झाला. खेळाडू व प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी विश्वचषक मिळविणारे त्यापूर्वी दोघेच: झगालो आणि बेकेनबाउअर.

एवढे गुणी गडी हाताशी असून खेळ इतका जपून का, अशी फ्रेंच रसिकांची तक्रार असे. बेल्जियमविरुद्धची उपांत्य लढत पाहताना आम्हांसही जांभया आल्या, हे कबूल केले पाहिजे. 2022 साली मात्र अर्जेंटिनाविरुद्ध दोन गोलांनी मागे पडलेला हाच संघ 3-3 पर्यंत आला आणि पेनल्टींवर हरला. त्या रात्री आमच्या घरी कोणीही लवकर निजले नाही.

2026 च्या विश्वचषकानंतर आपण पद सोडणार, असे देशाँ यांनी 2025 च्या जानेवारीत जाहीर केले. त्यांच्या जागी कोण, याची चर्चा लागलीच सुरू झाली आणि तीत पहिले नाव निघाले ते झिदान यांचे.