झाकणाचे कौतुक

कीव्हचे चित्रकार ओलेक्सांद्र क्लिमेंको आणि सोफिया अत्लांतोवा हे दांपत्य दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्यांवर येशू, मरियम आणि संतांचे आयकॉन, म्हणजे पूजेची चित्रे, रंगवते. २०१४ साली पूर्व युक्रेनमध्ये युद्ध पेटले, त्यानंतरचा हा उपक्रम. विक्रीचा पैसा जखमींवर उपचार करणाऱ्या स्वयंसेवी फिरत्या रुग्णालयाला जातो. त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही.

तक्रार आहे ती बघणाऱ्यांबद्दल. परदेशात या आयकॉनची प्रदर्शने भरतात आणि वाहवा होते ती पेटीच्या झाकणाची. बिजागरी तशीच, खिळे तसेच, मधली फटही तशीच. मरियमच्या चेहऱ्यावर नजर ठरण्याआधीच माणूस बिजागरीवरून हळहळू लागतो. आणि या हळहळीला नाव मिळते ‘युक्रेनच्या आयकॉन परंपरेचे जतन’!

ही परंपरा फळीचे काय करते ते पाहावे. लिंडन झाडाचे मुरलेले लाकूड घ्यायचे. ते वाकू नये म्हणून मागे आडव्या पट्ट्या बसवायच्या. वर सरसाने कापड चिकटवायचे. त्यावर खडू आणि सरसाचे थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा आणि शेवटी हस्तिदंतासारखा गुळगुळीत होईपर्यंत घासायचा. मग सोन्याचा वर्ख आणि अंड्याच्या बलकात कालवलेले रंग. रेषा फुटायच्या आत सारे लाकूड झाकले गेलेले असते. लाकूड दिसू नये म्हणून एवढा खटाटोप, आणि आज जगाला हवे आहे ते उघडे लाकूडच. क्लिमेंको आणि अत्लांतोवा ते उघडे ठेवतात, पण जाणून-बुजून. काय मोडतो आहोत हे त्यांना पक्के ठाऊक आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांना आहे का?

सोव्हिएत राजवटीत चर्चना कुलपे लागली, तेव्हा ल्विव्हच्या कलादालनाचे संचालक बोरिस वोझनित्स्की गावोगाव फिरून जुने आयकॉन गोळा करत होते. त्यांच्या या कामाची बातमी होत नव्हती. आज त्याच शहरातल्या कला अकादमीत धार्मिक कलेचा स्वतंत्र विभाग आहे. तिथली मुले खडूचे थर द्यायला शिकतात. नुसते जुन्याचे गिरवणेही नाही. ल्विव्हचे आजचे आयकॉन पाहिले की रेषा नवी आहे हे लगेच कळते. पण त्यांना बिजागरी नसते, म्हणून मथळाही नसतो.

युद्ध कधीतरी संपेल, पेट्याही संपतील. त्या दिवशी हे परदेशी कौतुक कुठे असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. रुग्णालयाला मदत करायची असेल तर पेटीवरचा आयकॉन जरूर घ्यावा. परंपरेचा कळवळा असेल, तर ल्विव्हच्या एखाद्या तरुण चित्रकाराला लिंडनच्या फळीवरचे काम सांगावे आणि त्याची पूर्ण किंमत मोजावी.