चाकाची खुर्ची आणि घराचा उंबरठा

वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत आणि गृहसजावटीच्या गुळगुळीत मासिकांत अलीकडे एक नवा विषय दिसू लागला आहे. घरातील एखादी व्यक्ती चाकाच्या खुर्चीवर असेल तर घर कसे सजवावे, याचा सल्ला तेथे दिला जातो. दरवाजे रुंद करा, गालिचे काढून टाका, स्वयंपाकाच्या ओट्याची उंची कमी करा, न्हाणीघरात आधाराचे दांडे बसवा आणि ते दांडे भिंतीच्या रंगाला शोभतील असे निवडा. हा सल्ला तांत्रिकदृष्ट्या बहुतांशी योग्यच आहे. आक्षेप आहे तो त्यामागे गृहीत धरलेल्या घराला. ते घर मालकीचे आहे, ऐसपैस आहे, लिफ्ट असलेल्या इमारतीत आहे आणि त्याची भिंत फोडण्यास कोणाची हरकत नाही. चाळीतील एका खोलीत, झोपडपट्टीत, पुनर्वसनाच्या इमारतीत किंवा खेड्यातील उंच जोत्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला या सल्ल्यात स्थान नाही. ज्याच्याजवळ क्रयशक्ती आहे त्याच्या गरजेला बाजारपेठ ‘अभिरुची’ म्हणते. ज्याच्याजवळ ती नाही त्याची गरज बाजारपेठेला दिसतच नाही.

या विषयाचे मूळ पाहावयाचे तर १९७६ साली ब्रिटनमधील अपंगांच्या एका संघटनेने मांडलेल्या भूमिकेकडे जावे लागते. शारीरिक व्यंग ही एक गोष्ट आणि त्या व्यंगामुळे समाजाने लादलेली बंधने ही दुसरी. माणसाला अपंग करते ते मुख्यतः दुसरे, असा तो विचार होता. तो मांडणाऱ्यांत व्हिक फिंकेलस्टाइन हे दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषविरोधी चळवळीतून आलेले कार्यकर्ते होते, हा योगायोग नव्हे. त्यांनी एका काल्पनिक गावाचे चित्र रंगविले. गावात सारेच चाकाच्या खुर्चीवर, म्हणून दारे आणि छतेही ठेंगणी. तेथे दोन पायांवर चालणारी माणसे येतात आणि त्यांची डोकी चौकटींवर आपटू लागतात. मग डॉक्टर त्यांच्यासाठी शिरस्त्राणे बनवितात, आणि चौकटी उंच कराव्यात हे कोणास सुचत नाही! आपल्या समाजाची रीत याहून वेगळी नाही. शासन शिबिरे भरवून चाकाच्या खुर्च्या वाटते, मंत्र्यांची छायाचित्रे निघतात. परंतु ती खुर्ची ज्या दारातून आत जावयाची त्या दाराची रुंदी कोणी विचारीत नाही.

येथे थोडे अंकगणित करणे इष्ट ठरेल. साधारण खुर्ची ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते. दारातून ती सहज जावी म्हणून ९० सेंटिमीटर मोकळी जागा हवी. आपल्याकडे मोरीचे वा संडासाचे दार बहुधा अडीच फुटांचे, म्हणजे ७६ सेंटिमीटरांचे, आणि चौकट वजा जाता त्याहून कमीच. खुर्ची वळविण्यास दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. उताराचे प्रमाण एकास बारा धरावयाचे, म्हणजे १५ सेंटिमीटरांच्या एका पायरीसाठी १ मीटर ८० सेंटिमीटर लांबीचा उतार आणि तीन पायऱ्यांच्या जोत्यासाठी जवळजवळ साडेपाच मीटर. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. त्यात दीड मीटरचे वर्तुळ कोठे काढावयाचे, आणि दारापुढे साडेपाच मीटर कोठून आणावयाचे? स्वच्छ भारत मोहिमेत २०१४ नंतर १२ हजार रुपयांच्या अनुदानावर गावोगावी शौचालये उभी राहिली. त्यांतील किती दोन-तीन पायऱ्या चढून, अरुंद दारातून आत जाऊन, उकिडवे बसण्यासाठी बांधलेली आहेत हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात फिरून पाहावे. ज्याला उकिडवे बसता येत नाही त्याच्या लेखी गाव हागणदारीमुक्त झाले म्हणजे काय झाले?

कायदे नाहीत असे नाही. संयुक्त राष्ट्रसंघाचा अपंगांच्या हक्कांविषयीचा करार भारताने २००७ साली मान्य केला. १९९५ च्या कायद्याची जागा २०१६ च्या कायद्याने घेतली. या नव्या कायद्याचे कलम ४४ सांगते की, सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्यास बांधकामाची परवानगी मिळू नये आणि इमारतीस पूर्णत्वाचा दाखलाही मिळू नये. कलम ३७ अन्वये घरवाटपाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण आहे. परंतु कायद्याने जे बंधनकारक केले ते २०१७ च्या नियमांनी हळूच ‘मार्गदर्शक’ करून टाकले. अखेर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला त्यातील पंधराव्या नियमाचा पहिला पोटनियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवावा लागला आणि सक्तीचे किमान निकष ठरविण्यास शासनाला तीन महिन्यांची मुदत द्यावी लागली. म्हणजे संसदेने दिलेला हक्क नोकरशाहीने तब्बल सात वर्षे शिफारशीच्या पातळीवर ठेवला. शिवाय जुन्या इमारती पाच वर्षांत सुगम करण्याचा जो दंडक आहे तो सार्वजनिक इमारतींपुरता. कचेरीच्या दाराशी उतार हवा हे शासनाला पटते; पण कचेरीपर्यंत येणाऱ्या माणसाला प्रथम स्वतःच्या घरातून बाहेर पडावे लागते, हे पटत नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून ‘विकलांग’ शब्दाऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला. अपंगांच्या अनेक संघटनांनी त्यास विरोध केला, तरी शब्द रूढ झाला. दिव्यत्व बहाल करण्यास खर्च येत नाही. दार १५ सेंटिमीटरांनी रुंद करण्यास येतो. आणि तोही किती? बांधकामाच्या वेळीच चौकट रुंद धरली, मोरीचा उंबरठा गाळला, लिफ्टच्या दारापर्यंत जमीन सपाट ठेवली, तर एकूण खर्चात पडणारी भर नगण्य असते. तीच गोष्ट नंतर भिंत फोडून करावयाची तर कित्येक पटींनी महाग पडते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर बांधकाम व्यावसायिक आपला लहानसा खर्च वाचवितो आणि मोठा खर्च कुटुंबावर ढकलतो. नफा त्याचा, बोजा घराचा.

हा बोजा घरातही समान वाटला जात नाही. प्रौढ माणसाला पलंगावरून उचलून मोरीत नेणे, संडासाला बसविणे, जिन्यावरून खाली आणणे ही कामे आई करते, पत्नी करते, सून करते. तिची पाठ मोडते, तिचा रोजगार सुटतो, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात यातील एक पैसाही दिसत नाही. याला ‘कौटुंबिक जिव्हाळा’ असे गोंडस नाव देणारे हे विसरतात की, भिंतीला एक दांडा आणि पायाखाली सपाट फरशी असती तर त्या माणसाला यातील पुष्कळसे स्वतःच करता आले असते. जिव्हाळ्याच्या नावाखाली एकाचे स्वातंत्र्य आणि दुसरीचे श्रम दोन्ही फुकट घेतले जातात.

यावर नेहमीचे दोन आक्षेप येतात. पहिला असा की, देश गरीब आहे. आधी सर्वांना घर, मग उतार आणि दांडे. पण सर्वांना घर म्हणताना काहींना वगळले तर ते ‘सर्वांना’ राहत नाही, आणि नंतरचे फोडकाम गरीब देशालाच अधिक महाग पडते. दुसरा आक्षेप संख्येचा. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. त्यांपैकी सुमारे ५४ लाख हालचालींचे अपंगत्व असलेले, आणि एकूण अपंगांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक ग्रामीण भागात. ही संख्या लहान नाही, आणि त्यात वार्धक्याने गुडघे गेलेले वा अपघाताने वर्षभर अंथरुणास खिळलेले बहुतेक धरलेलेच नाहीत. रस्त्यावर चाकाच्या खुर्च्या दिसत नाहीत याचे कारण त्या माणसांना घरातून निघता येत नाही हे आहे.

अन्यत्र हे कसे केले जाते? स्वीडनमध्ये राहत्या घरात आवश्यक ते बदल करण्याचा खर्च नगरपालिका देते, उत्पन्नाची अट न घालता. ब्रिटनमध्ये १९८९ च्या कायद्याने यासाठी अनुदान सुरू झाले, आणि १९९९ पासून नव्या घरांनाही सुगम्यतेचे नियम लागू झाले. त्यात उणिवा आहेत. परंतु घर हा खाजगी हौसेचा विषय नसून सार्वजनिक जबाबदारीचा आहे, हे तत्त्व तेथे मान्य झाले आहे.

महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीला हे तत्त्व नवे नाही. मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे गोरेगावात कमाल धारणा कायद्याखालील जमिनीवर सामान्यांच्या घरांसाठी झुंज दिली ती याच भूमिकेतून. १९७६ चा तो कायदा महाराष्ट्राने २००७ साली गुंडाळला आणि जमीन पुन्हा बाजाराच्या स्वाधीन झाली. दीड मीटरच्या वर्तुळाचा प्रश्न हा अखेर जमिनीच्या वाटपाचाच प्रश्न आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा विषय सहानुभूतीच्या खात्यातून काढून घरहक्काच्या मागणीपत्रात घालावा. पुनर्वसनाचा आराखडा पुढे आला की दारांची रुंदी आणि तळमजल्यावरील घरांची संख्या विचारावी; तळमजला सगळाच मोटारींसाठी का, हेही विचारावे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग अपंगांसाठी खर्चावा असा राज्य शासनाचा आदेश आहे. ग्रामसभेत त्याचा हिशेब मागावा आणि त्यातून घरांचे उतार व संडासांची दुरुस्ती व्हावी असा ठराव आणावा. गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा ‘शोभा जाते’ म्हणून उतार नाकारत असेल, तर तेथील सभासद कार्यकर्त्याने उठून बोलावे. घरकुलाच्या अनुदानात अशा कुटुंबांसाठी वाढीव क्षेत्र आणि वाढीव रक्कम मिळालीच पाहिजे. भिंतींना कोणता रंग द्यावयाचा हे त्यानंतर त्या घरातील माणसे ठरवतील, आणि त्यांत खुर्चीवरचा माणूसही असेल.