अनामत कुणाची बुडते?

१९६४ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या टॉरन्स गावी, नऊ संघांवर पोरांची फुटबॉल संघटना उभी राहिली : एवायएसओ. कायदा सरळ. प्रत्येक पोर निदान अर्धी मॅच खेळणारच. कोच, रेफरी बहुतेक आईबापच, बिनपगारी.

नऊचे पुढं हजारो संघ झाले. पोरं वाढली की हात कमी पडतात. मग तिकडच्या कित्येक क्लबांनी शक्कल काढली : अनामत भरा, काम केलं तर परत.

आता बोला, शनिवारी हॉटेलात भांडी घासणारी बाई मैदानावर येणार कशी? तिची अनामत बुडते, सुट्टीवाल्या साहेबाची परत मिळते. म्हणजे दंड गरिबीलाच!

काम वाटा जरूर. पण रात्री जर्सी धुणं, निरोप पोचवणं हेही कामच धरा. नाहीतर क्लब वाढला कसला? नुसता फुगला.