पाचामुखी मौन

फुटबॉलच्या मैदानावर बावीस जण चेंडूमागं धावतात आणि शिव्या मात्र तेविसाव्याला बसतात. त्याच्या तोंडात शिट्टी असते, खिशात दोन रंगांची कार्डं असतात आणि नव्वद मिनिटं त्याचा शब्द हाच कायदा असतो. मराठीत आपण त्याला म्हणतो 'पंच'. वास्तविक पंच म्हणजे पाच. पारावर पाच जणांनी बसावं, दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि निवाडा द्यावा. पाचामुखी परमेश्वर असं आपण म्हणतो ते याच विश्वासानं. फुटबॉलमध्ये हा परमेश्वर वर्षानुवर्षं एकट्याच्याच मुखी होता. आता गंमत अशी, की मोठ्या सामन्यांत खरोखरच निदान पाच जण झाले आहेत: मधला रेफरी, दोन बाजूंचे सहायक, चौथा अधिकारी आणि पडद्यासमोर बसलेला व्हिडिओ पंच. तरीही भांडणं काही मिटत नाहीत. असं का व्हावं?

चुका पूर्वीही व्हायच्या, आणि केवढ्या मोठ्या! १९८६ च्या विश्वचषकात मॅराडोनानं इंग्लंडविरुद्ध हातानं गोल केला. साऱ्या जगानं तो हात पाहिला, तो नेमका रेफरीला दिसला नाही. २०१० मध्ये इंग्लंडच्याच लॅम्पार्डचा फटका जर्मनीच्या गोलच्या आडव्या खांबाला लागून रेषेच्या चांगला आत पडला आणि बाहेर आला. गोल मिळाला नाही. त्यानंतर फिफाच्या अध्यक्षांना माफी मागावी लागली, २०१२ मध्ये गोलरेषेवर यंत्राची नजर ठेवायला मंजुरी मिळाली आणि २०१८ च्या विश्वचषकापासून व्हिडिओ पंच आला. आपल्याला वाटलं, चला, आता दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी होईल.

तसं झालं नाही. ३० सप्टेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये टॉटनहॅम आणि लिव्हरपूल यांचा प्रीमियर लीगचा सामना होता. लिव्हरपूलच्या लुइस डियाझनं गोल केला. सहायकानं ऑफसाइडचा झेंडा वर केला. डियाझ ऑफसाइड नव्हता, आणि व्हिडिओ पंचानं ते पाहिलंही. पण मैदानावर गोल दिलेलाच आहे, अशी त्याची समजूत झाली होती. म्हणून त्यानं 'चेक कम्प्लीट' असं सांगून टाकलं. मैदानावरच्या रेफरीनं त्याचा अर्थ घेतला, की ऑफसाइड बरोबर. खेळ पुन्हा सुरू झाला. काही क्षणांत त्या खोलीतल्या लोकांच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. पण नियम असा, की खेळ सुरू झाल्यावर मागचा निर्णय बदलता येत नाही. लिव्हरपूल २-१ असं हरलं.

मी बँकेत उभी हयात घालवली, म्हणून ही हकिगत वाचताना मला फुटबॉलपेक्षा व्हाउचर आठवलं. बँकेचा सगळा डोलारा एका साध्या रीतीवर उभा असतो: एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासायचं. दोन सह्या. पण या दोन सह्यांचा एक धोका प्रत्येक बँकवाल्याला ठाऊक असतो. खाली ऑफिसरची सही होणारच आहे, म्हणून क्लार्क निर्धास्त राहतो. आणि वर क्लार्कची सही आहेच, म्हणून ऑफिसर न वाचता कोंबडा मारतो. अशा वेळी दोन सह्या मिळून एका सहीइतकंही काम होत नाही. लंडनमध्ये हेच घडलं. यंत्र बिघडलं नव्हतं. आपण नेमकं काय तपासतो आहोत, हे माणसानं माणसाला विचारलं नाही.

मात्र त्यानंतर जे झालं, ते मला अधिक मोलाचं वाटतं. पंचांच्या संघटनेनं मोठी मानवी चूक झाल्याचं मान्य केलं आणि तीन दिवसांनी त्या खोलीतल्या संभाषणाची ध्वनिफीत जाहीर केली. लोकांनी ते गोंधळलेले आवाज आपल्या कानांनी ऐकले. गुण परत मिळाले नाहीत, राग शमला असंही नाही. पण कटाचा संशय ज्यांच्या मनात होता, त्यांना तिथं चुकलेली, घाबरलेली माणसं दिसली. जुन्या लेजरमध्ये आकडा चुकला, तर तो रबरानं पुसायची मनाई असे. त्यावर आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि इनिशियल करायचं. चूक दिसायची, ती सुधारणाराही दिसायचा. खात्यांवरचा विश्वास त्या रेघेमुळं टिकायचा.

आपल्याकडं ही रेघच मारली जात नाही. ११ जून २०२४ रोजी दोहा इथं भारत आणि कतार विश्वचषकाच्या पात्रता फेरीत खेळत होते. जिंकलो असतो, तर तिसरी फेरी होती. छांगटेच्या गोलनं आपण पुढं होतो. ७३ व्या मिनिटाला गुरप्रीतनं अडवलेला चेंडू गोलरेषेबाहेर गेला, कतारच्या खेळाडूनं तो पायानं मागं ओढला आणि दुसऱ्यानं जाळ्यात मारला. गोल! या सामन्यात व्हिडिओ पंच नव्हता. आपल्या खेळाडूंनी गयावया केली, ती वाया गेली. पुढं आणखी एक गोल होऊन आपण हरलो आणि स्पर्धेबाहेर पडलो. महासंघानं तक्रार केली, निकाल होता तसाच राहिला. आठवड्याच्या आत प्रशिक्षकाला नारळ मिळाला. चेंडू बाहेर कसा दिसला नाही, हे मात्र शिट्टी वाजवणाऱ्याच्या तोंडून आपल्याला ऐकायला मिळालं नाही.

त्याआधी ३ मार्च २०२३ रोजी बंगळुरूत आयएसएलच्या बाद फेरीत केरळ ब्लास्टर्सचे खेळाडू भिंत रचत असतानाच सुनील छेत्रीनं फ्री किक मारून गोल केला. अशी झटपट किक नियमात बसते. पण रेफरीनं शिट्टीसाठी थांबायला सांगितलं असेल, तर बसत नाही. सारा वाद एवढ्याच मुद्द्याचा होता. केरळचा संघ मैदान सोडून गेला, पुढं त्याला चार कोटींचा दंड झाला. मैदान सोडणं चूकच. त्याची शिक्षा व्हायलाच हवी. पण गॅलरीतल्या आणि घराघरांतल्या प्रेक्षकांना त्याच रात्री दोन वाक्यांत खुलासा मिळाला असता, तर काय बिघडलं असतं?

यावर उत्तर येतं, की पंचानं कारणं द्यायला सुरुवात केली तर त्याचा दरारा जाईल. मला हे पटत नाही. रग्बीतला रेफरी माइक लावून बोलतो, आणि त्याच्याइतका मान क्वचितच कुणाला मिळतो. क्रिकेटमध्ये तिसरा पंच काय पाहतो आहे, हे आपण घरी बसून ऐकतो. २०२३ च्या महिला विश्वचषकात फुटबॉलच्या रेफरींनीही व्हिडिओ पाहून बदललेले निर्णय माइकवरून जाहीर केले. आभाळ कोसळलं नाही.

उलट, गप्प बसलेल्या पंचाच्या जिवाला धोका अधिक. ११ डिसेंबर २०२३ रोजी अंकारामध्ये सामना संपताच एका क्लबच्या अध्यक्षानं मैदानात घुसून रेफरीला ठोसा मारला. तो खाली पडल्यावर त्याला लाथाही बसल्या. तुर्कस्तानातल्या लीग थांबवाव्या लागल्या. हे टोक झालं. पण त्या ठोशाची सुरुवात आपल्या दिवाणखान्यापासून होते, हे विसरून चालणार नाही. पाच कोनांतून, संथ गतीनं, चहाचा घोट घेत आपण जे पाहतो, ते त्या माणसाला धावता धावता, एकदाच, पापणी लवायच्या आत पाहायचं असतं. शेजारी बसलेला नातू आपल्या तोंडचे शब्द ऐकत असतो. 'पंच विकला गेला' हे वाक्य तो आपल्याकडूनच शिकतो.

म्हणून मागणी दोन्हीकडं करायला हवी. आपण प्रेक्षकांनी पंचाला माणसाइतकं चुकण्याची मुभा द्यावी. आणि फुटबॉल चालवणाऱ्यांनी, खेळाडूंवर कोट्यवधी उधळताना, पंचांच्या शिक्षणावर, मानधनावर आणि संरक्षणावरही पैसा खर्च करावा. वादग्रस्त निर्णयाचं कारण त्याच दिवशी जाहीर करावं. हरलेल्या माणसाला निकाल बदलून मिळणार नाही, हे ठाऊक असतं. आपण का हरलो, एवढंच त्याला ऐकायचं असतं. पाचामुखी परमेश्वर असेल, तर त्यानं निदान तोंड उघडावं.