कॉन्व्हेंट कोणतं बघितलं?

आमच्या अमरावतीत लग्न झालं की वर्षभरात ‘काही गोड बातमी?’ सुरू होतं. बातमी आली, की ती रांगायला लागायच्या आत पुढचा प्रश्न तयार असतो. ‘कॉन्व्हेंट कोणतं बघितलं?’

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी खुलासा. विदर्भात ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे नन्सची शाळा असलीच पाहिजे असं काही नाही. केजी वन, केजी टू असलेली, तीन वर्षांच्या पोराला टाय बांधायला लावणारी कुठलीही इंग्रजी शाळा म्हणजे कॉन्व्हेंट. मालक गुरुवार करणारे असतात, भिंतीवर सरस्वती असते, पण पाटीवर शब्द तोच. चांगली शाळा म्हणजे ख्रिश्चन लोकांची शाळा, हे इथल्या डोक्यांत इतकं फिट्ट बसलंय.

आणि म्हणूनच माझ्या एका मैत्रिणीचा निर्णय ऐकून लोकांचा जो काही चेहरा होतो, तो बघण्यासारखा असतो. ती आणि तिचा नवरा, दोघंही पिढीजात मराठी ख्रिश्चन. ती अमरावतीची, तो अकोल्याचा. ती बँकेत, तो एमआयडीसीत. मुलगा सहाचा होईल, मुलगी साडेतीनची. दोघांनी ठरवलंय की मुलांना शाळेत घालायचं नाही. होमस्कूलिंग. घरीच शिकवायचं.

‘पैशाचं टेन्शन आहे का?’ इथपासून ‘पोराला काही प्रॉब्लेम आहे का?’ इथपर्यंत सगळं विचारून झालं. एका काकांनी तर ‘धर्माचं काही असंल’ असं परस्पर ठरवूनही टाकलं. काका पूर्ण चुकीचे नव्हते. पण त्यावर येतेच.

आधी कारणं. मुलगा दोन वर्षं केजीत गेला. सकाळी पावणेसातला व्हॅन, व्हॅनमध्ये कोंबलेली पोरं, घरी आल्यावर कर्सिव्ह रायटिंगची दोन पानं. पेन्सिल धरली की रडणं. मैत्रीण म्हणते, ‘अगं, त्याला गोष्टी प्रचंड आवडायच्या. केजी टू संपेपर्यंत पुस्तक काढलं की उठून जायला लागला.’ हे एक कारण. दुसरं म्हणजे, दिवसाची सुरुवात प्रार्थनेने व्हावी, बायबलमधल्या गोष्टी सावकाश, प्रश्न विचारत ऐकाव्यात, असं दोघांना मनापासून वाटतं. पावणेसातच्या व्हॅनच्या वेळापत्रकात देवालाही अपॉइंटमेंट मिळत नाही.

मग नवऱ्याने वाचायला सुरुवात केली. होमस्कूलिंगचं आजचं मोठं मार्केट अमेरिकेत आहे. १९७०च्या दशकात जॉन होल्टसारखे शाळेवर वैतागलेले शिक्षक त्यात होते, ऐंशीच्या दशकात श्रद्धाळू ख्रिश्चन कुटुंबं मोठ्या संख्येने आली, आणि १९९३ पर्यंत तिथल्या पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं. या मंडळींची लाडकी बाई मात्र इंग्लंडची आहे. शार्लट मेसन, १८४२ ते १९२३. धडे छोटे, पंधरा-वीस मिनिटांचे. कंटाळवाण्या क्रमिक पुस्तकांऐवजी जीव ओतून लिहिलेली पुस्तकं. वाचलेलं मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगायचं. सहा वर्षांपर्यंत औपचारिक धडे नाहीत, आणि रोज कित्येक तास मोकळ्या हवेत. बाईंनी अकोल्याचा मे महिना बघितला नव्हता, हे उघड आहे. आमच्याकडे उन्हामुळे शाळासुद्धा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पण सकाळी सहा ते आठ अंगणात, हे जमतं. जमवलंय त्यांनी.

खरा राडा झाला तो अकोल्यात, सासूबाईंपुढे. या काकू मिशनच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होत्या. त्यांच्या आईनेही शाळेतच नोकरी केली. मी त्या दिवशी सोबत होते. अमरावती ते अकोला हा तोच हायवे, ज्याच्या ७५ किलोमीटरच्या पट्ट्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण करून गिनीज रेकॉर्ड झाला होता. काकूंचं मन वळवायला त्याहून बराच जास्त वेळ लागणार, हे पहिल्या चहाच्या आधीच कळलं.

‘काऊन बाप्पा, शाळेनं काय घोडं मारलं तुमचं?’ काकू म्हणाल्या. ‘आमच्या लोकाईनं गावोगावी फिरून दुसऱ्याच्या पोरी शाळेत आणल्या. मायबापाच्या हातापाया पडून आणल्या. अन् आता आमचेच नातू घरी बसतीन?’

कोणी काही बोललं नाही. कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अलायन्स मिशनचे अमेरिकन मिशनरी वऱ्हाडात आले, अकोला हे त्यांचं मोठं ठाणं झालं. चर्चबरोबर शाळा आल्या, अनाथ मुलांची वसतिगृहं आली, आणि त्यातून मराठी ख्रिश्चन शिक्षक-शिक्षिकांच्या दोन-तीन पिढ्या उभ्या राहिल्या. ज्या घरात शाळा म्हणजे पगार, इज्जत आणि सेवा हे तिन्ही एकत्र होतं, तिथे ‘आम्हाला शाळा नको’ हे वाक्य कुलाचार मोडल्यासारखं वाजतं.

काकूंच्या कपाटात पंडिता रमाबाईंचा फोटो आहे. मला वाटतं, या घरातल्या भांडणाचा सगळ्यात चांगला साक्षीदार तोच आहे. कारण रमाबाई ही महाराष्ट्रातल्या ख्रिश्चनांची मोठी शाळावाली बाई, आणि ती स्वतः घरी शिकलेली.

१८५८ साली गंगामूळच्या जंगलातल्या आश्रमात तिचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना विद्वानांपुढे जाब द्यावा लागला होता. त्या आईने, लक्ष्मीबाईंनी, रमाला शिकवलं. पहाटे, घरकामाला जुंपायच्या आधी, झोपलेल्या पोरीला उठवून. ना फळा, ना तुकडी, ना पुस्तकाचा संच. पायी तीर्थयात्रा करत हे कुटुंब वर्षानुवर्षं फिरलं आणि त्यातच हजारो श्लोक पाठ झाले. १८७८ साली विशीतली रमा कलकत्त्याला पोचली, तेव्हा तिथल्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. होमस्कूलिंगची याहून भारी जाहिरात कोणी करू शकणार नाही.

पण तिची गोष्ट इथे थांबत नाही. त्याच आईवडिलांनी मुलांना बाहेरच्या जगापासून अगदी ठरवून दूर ठेवलं होतं. इंग्रजी नको, व्यवहारी शिक्षण नको, परधर्मीयांचा वारा नको, खास करून ख्रिश्चनांचा. मग १८७४च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते संपलं, आणि मजुरी करून पोट भरायचं कसं हे कोणालाच येत नव्हतं. शिकवलेलंच नव्हतं. वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. उरले रमा आणि भाऊ. हे सगळं रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवलंय, आणि आईच्या शिकवण्याबद्दलची कृतज्ञताही तितकीच लिहिलीये.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्या ख्रिश्चन झाल्या. १८८६ला अमेरिकेत गेल्या, तर तिथे आवर्जून कशाचं शिक्षण घेतलं? किंडरगार्टनचं. म्हणजे लहान मुलांना एकत्र बसवून, खेळवून कसं शिकवायचं याचं. ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदासदन काढलं, पुढे केडगावला ‘मुक्ती’ उभं केलं, आणि १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन पोरी उचलून आणल्या. तिथे अक्षरांबरोबर हाताने काम करायला आणि कमवायला शिकवलं जायचं. ज्या बाईने घरच्यांना दुष्काळात गमावलं, तिने हा विषय ऑप्शनला टाकला नाही. मुलगी मनोरमा शाळेतच शिकली आणि नंतर आईच्याच शाळेचं काम तिने सांभाळलं.

म्हणून मी मैत्रिणीला जे विचारलं ते हेच. तुम्ही मुलांना घरी काही द्यायला ठेवताय, की कशापासून तरी लपवायला? दोन्ही एकाच घरात, एकाच वेळी असू शकतं. डोंगऱ्यांच्या घरात होतं. सावकाश गोष्टी, प्रार्थना, अंगण, रडू न येता पेन्सिल, हे देणं झालं. पण शेजारच्या बाकावरचा आझम, डब्यात साबुदाणा आणणारी वैष्णवी, शेजारच्या वस्तीतून फाटक्या चपलेत येणारा कोणीतरी, यांच्याशी भांडायची आणि डबा वाटून खायची प्रॅक्टिस कुठे होणार? आपल्याकडे ख्रिश्चन एवढे थोडे आहेत, की संडे स्कूल, चर्च आणि घर एवढंच जग ठेवलं तर ते फार लवकर संपतं. अमेरिकेतल्या मोठ्या चर्चच्या गावात होमस्कूलिंग करणं वेगळं, अमरावतीत वेगळं.

नवरा यावर जरा चिडला. ‘शाळेत तरी कुठे सगळे भेटतात? महागड्या शाळेत सगळे एकाच पगाराचे.’ पॉइंट आहे. तो मी खोडणार नाही. पण मग घरी शिकवणाऱ्याने ते मुद्दाम करायला हवं ना. आता संध्याकाळी दोन तास कॉलनीचं ग्राउंड नक्की झालंय, तिथे वीसेक पोरं असतात आणि क्रिकेटमध्ये कोणाचा धर्म बघायला वेळ नसतो. मुलाचं आणि एका शेजाऱ्याच्या पोराचं पहिलं कडाक्याचं भांडणही झालं. मला बरं वाटलं.

कायद्याचं लोक फार विचारतात. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे कलम १० प्रमाणे पालकांचं कर्तव्य आहे, पण न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. २०१२च्या दुरुस्तीने घरी शिकायचा पर्याय दिला तो बहुविध किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना. बाकीच्यांबद्दल कायदा गप्प आहे, आणि बरीच कुटुंबं या गप्प जागेत राहतात म्हणा ना. सरकारी शिक्षक ‘शाळाबाह्य मुलं’ शोधत दारात येऊ शकतात. जुलै २०१५ मध्ये तर एकाच दिवशी राज्यभर असं सर्वेक्षण झालं होतं. मैत्रिणीने मुलाच्या कामाची फाइल ठेवलीये, ती तेव्हा दाखवायला. मला मात्र याच कायद्यातलं कलम ४ जास्त महत्त्वाचं वाटतं. कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही त्याच्या वयाला योग्य त्या वर्गात प्रवेश मिळायला हवा. म्हणजे परतीचं दार आहे. दुसरीत जमलं नाही, तर तिसरीत घाला. हा निर्णय जन्मठेप नाही.

पुढच्या परीक्षांचं मात्र आत्तापासून डोक्यात हवं. दहावी एनआयओएसमधून चौदा पूर्ण झाल्यावर देता येते, आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म तर सगळ्यांच्या ओळखीचा. कागद नसला की काय होतं, ते मुंबईच्या मालविका राज जोशीच्या बाबतीत दिसलं. सातवीत आईने शाळेतून काढलं, पोरीने इन्फॉरमॅटिक्स ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं आणली, २०१६ला थेट एमआयटीत गेली. पण आयआयटीचं दार तिला बंद होतं, कारण बारावीचं सर्टिफिकेट नव्हतं. तीन ऑलिम्पियाड पदकं सगळ्यांच्या घरी नसतात, तेव्हा बाकीच्यांनी सर्टिफिकेट काढून ठेवलेलं बरं.

काकू अजून रागातच आहेत, पण त्यांच्यातली मास्तरीण गप्प बसली नाही. महिन्यातून आठ दिवस अमरावतीला येऊन मराठी त्या शिकवणार. अट एकच, हजेरीपट पाहिजे. दोन पोरांचा. लाल-निळ्या शाईने. ‘गैरहजर कोण अन् कितीदा, हे समजलं पाहिजे का नाई?’

आणि एक प्रश्न राहिला, जो त्या दिवशी अकोल्यात कोणीच काढला नाही. शिकवणार कोण? नवऱ्याने सगळं वाचलं, शार्लट मेसन त्यानेच शोधली, चर्चमध्ये त्याबद्दल तो मस्त बोलतो. पण बिनपगारी रजा टाकलीये ती माझ्या मैत्रिणीने. पहाटे उठून घरकामाच्या आधी शिकवणाऱ्या लक्ष्मीबाईंना दीडशे वर्षं झाली, वेळापत्रक अजून तेच. मी हे चारचौघांत बोलून दाखवलं. तो हसला, मग हसायचा थांबला. आता म्हणे शनिवारचा आणि रोज रात्रीचा गणिताचा तास त्याचा. मला एवढ्याने समाधान नाही. तिने सात वर्षं नोकरी केलीये, प्रमोशनची परीक्षा पास झालीये. तिची रजा मार्चअखेर संपते आणि राजीनाम्याचा मसुदा तिने अजून लिहिलेला नाही. मी तिला सांगितलंय, लिहू नकोस. आधी त्याला सहा महिन्यांची रजा मागायला लाव, मग बघू.